राखणीला ठेवलेला टिप्या

मला अमळनेरला फुईकडे ठेवलं तेव्हा मी सातवीत होते, आणि आपल्याला ठेवलंय असं मला वाटतच नव्हतं. आपल्याला कामावर पाठवलंय असं वाटत होतं. फुई म्हणजे आत्या, नानांची थोरली बहीण. नाना म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकान म्हणजे घराच्या ओट्यावर एक मशीन आणि वर ताडपत्री. आई श्रावणात गेली. दिवाळी झाल्यावर नानांनी माझी पत्र्याची पेटी भरली, मला एसटीत बसवलं आणि अमळनेर येईपर्यंत एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. फुईला मूलबाळ नाही, फुवा मिलमध्ये पाळीवर जातात, तिला घर खायला उठतं. तू तिला सोबत कर, आखाजीला मी न्यायला येतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी दिलेली प्रत्येक लेक त्या दिवसांत माहेरी येते, आणि तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मी सासरी दिलेली नव्हते, तरी नाना आखाजीला येणार म्हणाले यात मला काही वावगं दिसलं नाही. मी खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत होते आणि एवढं मोठं काम आपल्यावर सोपवलं म्हणून जरा फुगलेही होते.

फुईच्या दोन खोल्या तेलाच्या मिलच्या मागच्या गल्लीत होत्या. पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, मग फुवांच्या सायकलची चेन करकरायची, मग फुईच्या भाकरीचा आवाज. घरात दिवसभर शिजलेल्या सरकीचा वास असायचा आणि तो कपड्यांत, उशीत, वहीत, सगळीकडे बसायचा. पहिले आठ दिवस मला त्या वासाने जेवण जाईना, आणि आज कुठे तसा वास आला तर मी रस्त्यात थांबते. फुई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. बोलणं तिला जड जायचं. ती उंच, हाडाने मोठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की भाजीवाली भाव सांगायच्या आधीच कमी करायची. अशा बाईला घर खायला उठत असेल हे मला खरं वाटायचं नाही, पण नानांनी सांगितलं होतं म्हणजे असणारच. म्हणून मी काम मनावर घेतलं. शाळेतून आले की मी तिच्या मागे. ती नळावर तर मी नळावर, ती गिरणीत तर मी गिरणीत, ती दुपारी आडवी झाली तर मी भिंतीला टेकून तिच्या पायाशी. एकदा ती वैतागून म्हणाली, "काय मांगे मांगे फिरस वं? माले काय चोर लई जाई का?" मी म्हटलं, "राहू दे, माले काम शे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या उचलला.

रविवारी मात्र मलाच घर खायला उठायचं. तसं कबूल करायची सोय नव्हती, कारण एकटं वाटणं हे फुईच्या वाट्याचं होतं आणि ते घालवणं माझ्या. रेल्वेच्या पुलावर उभी राहून मी सुरतेकडे जाणारी गाडी बघायची. त्याच रुळांवर पुढे शिंदखेडा आहे हे मला ठाऊक होतं. गाडी गेली की रूळ जरा वेळ गरम राहतात असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून खाली उतरून एकदा हात लावून पाहिला. उन्हाने सगळेच रूळ गरम होते.

परीक्षा संपली आणि उन्हाळकामं सुरू झाली. आता जळगावात मशीनवर पापड करून देतात, फोन केला की घरपोच येतात, मीही मागवते. तेव्हा गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीने जायच्या. ज्वारीचे बिबडे भल्या सकाळी, ओल्या धोतरावर थापायचे, आणि उडदाचे पापड दुपारी, सावलीत. उडदाच्या पिठाचा गोळा तेलाचा हात लावून कुटायचा, दोऱ्याने त्याच्या लाट्या कापायच्या, त्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या आणि प्रत्येकीने आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन गोल करून बसायचं. फडकं बाजूला राहिलं की लाट्या वाळतात आणि पापड कडेला फाटतो, म्हणून हात थांबवायचा नाही. माझा पापड कधी गोल झालाच नाही. तिसऱ्या पापडाला शेजारच्या गंगूमाय म्हणाल्या, "हाऊ पापड शे का तालुकाना नकाशा?" सगळ्या हसल्या आणि माझं लाटणं काढून घेतलं. गंगूमाय गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, दात नाहीत, पण जीभ शाबूत. मग रिकामी बसलेली पोर काय करणार, म्हणून मला वाचायला बसवलं.

बायकांचा अंदाज होता की मी व्रतांच्या कहाण्या वाचेन. गावातल्या वाचनालयातून सुट्टीत आठवड्याला एकच पुस्तक मिळायचं, म्हणून मी सगळ्यात जाड पुस्तक उचलून आणलं होतं. कव्हर नव्हतं, पहिली दोन पानंही नव्हती, त्यामुळे नाव आणि लेखक आजपर्यंत मला माहीत नाही. जळगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी पुष्कळ शोधलं, दुकानदाराला गोष्ट सांगितली की तो माझ्याकडे सहानुभूतीने बघतो. ती कादंबरी एक कुत्रा सांगतो. अथपासून इतिपर्यंत तोच बोलतो. पहिलं पान वाचलं तेव्हा लाटणी थांबली आणि गंगूमाय म्हणाल्या, "काय वाचस वं बेबी? कुत्रं कधी बोलस का?" बेबी म्हणजे मीच. तेव्हा लीलाकाकी म्हणाली, "बोलू द्या ना माय. मना घरमा माले सोडीसन बठ्ठाच बोलतस, कुत्राले काब्र बंदी?" लीलाकाकीचा नवरा एसटीत कंडक्टर होता, अमळनेर-शिंदखेडा गाडीवर. तिच्या घरात सासू, दोन नणंदा आणि तो, त्यामुळे तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. वाचन चालू राहिलं.

कुत्र्याचं नाव टिप्या. एका रेल्वेच्या खलाशाच्या घरी तो वाढलेला. खलाशाची बदली होते, ते लोक सामान बांधतात, टिप्याला शेजाऱ्याच्या पडवीत भाकरी टाकतात आणि तो खात असताना गाडीत बसून निघून जातात. टिप्याला यात काही चुकीचं दिसत नाही. तो म्हणतो, घराला कुलूप आहे आणि मी बाहेर आहे, याचा अर्थ उघड आहे, मला राखणीला ठेवलंय. थोरल्या मुलावर हे काम सोपवलं नाही, म्हातारीवर सोपवलं नाही, माझ्यावर सोपवलं. मग तो सगळ्या गावाला तोऱ्यात सांगत फिरतो की मी ड्युटीवर आहे. पोस्टमनवर भुंकतो आणि लगेच त्याची माफी मागतो, कारण पत्र मालकाचं असू शकतं. बायका इतक्या हसल्या की लीलाकाकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवसापर्यंत पापड नसलेल्या घरांतल्याही दोघी-तिघी येऊन बसायला लागल्या. मी टिप्याचा आवाज जरा घोगरा काढायची, छाती पुढे काढून. मला वाटायचं आपल्याला वाचता येतं म्हणून सगळ्या येतात. आई गेल्यानंतर इतकी माणसं माझ्याकडे तोंड करून पहिल्यांदाच बसली होती, आणि ते मला फार आवडत होतं.

चौथ्या दिवशी पापड आमच्याच घरचे होते. आखाजीला आठ-दहा दिवस राहिले होते. गोष्टीत तोवर दोन पावसाळे झालेले असतात. घराचं छप्पर एका बाजूने बसलंय, शेजारी म्हणतो की हे कुत्रं खुळं आहे, आणि टिप्याचा एक पाय लंगडा झालाय. मी वाचत होते: "काम संपलं असं सांगायला अजून कोणी आलेलं नाही. म्हणजे काम संपलेलं नाही. ते विसरले असतील असं शेजारचा काळ्या म्हणतो. काळ्याला कधी कोणी कामावर ठेवलं नाही, त्याला काय कळणार?" मला हे वाक्य विनोदी वाटलं. मी काळ्याच्या नावावर जोर दिला आणि हसू येईल म्हणून थांबले. कोणी हसलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की लाटण्यांचा आवाज कधीचा बंद झालाय. लीलाकाकीने पदर तोंडाला लावला होता. गंगूमायच्या गालावरून सरळ पाणी वाहत होतं, त्या पुसतही नव्हत्या. मला आधी अभिमानच वाटला. मग दिसलं की त्या पुस्तकाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

गंगूमाय म्हणाल्या, "हाई पोर बी तशीच राखनले बठेल शे ना वं." फुई ताडकन म्हणाली, "माय, गप बठा." पण गंगूमायना आता गप बसणं शक्य नव्हतं. "बठ्ठी गल्लीले म्हाईत शे. पोरलेच कोनी सांगत नई. कितला दिन राखी ती?" मी फुईकडे पाहिलं. मला काय विचारायचं ते कळत नव्हतं, म्हणून जे नेहमी मनात असायचं तेच विचारलं, "नाना आखाजीले येनार शे ना, फुई?" फुईचे दोन्ही हात पिठाने आणि तेलाने माखलेले होते. ते तिने फडक्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, "तुना नानानी दुसरं लगीन करं. माघमा. माले बी बलावनं नव्हतं, लीलाना मालकनी सांगं तवय समजनं." दिवाळी ते माघ असे महिने मी मनात धरले आणि मला कळलं की पेटी भरताना नानांना सगळं ठाऊक होतं. फुईला सोबत म्हणून मला कोणी पाठवलं नव्हतं.

अशा वेळी मुलीने काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. सगळ्या माझ्या रडण्याची वाट बघत होत्या आणि मला रडू येत नव्हतं. मांडीवर पुस्तक उघडं होतं. मी विचारलं, "पुढे वाचू का?" फुई म्हणाली, "वाच." आणि मी वाचलं, टिप्याचा घोगरा आवाज काढूनच वाचलं, कारण मध्येच आवाज बदलला तर बरं दिसलं नसतं. शेवटी ते घर कोणी एक व्यापारी विकत घेतो. तो कुलूप उघडतो, दारात बसलेल्या लंगड्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, चल, झालं आता. एवढंच. टिप्याला वाटतं, मालकाने बदली माणूस पाठवला, आपली ड्युटी सुटली. तो अंगणात उन्हाला जाऊन आडवा होतो आणि सांगतो की इतकी गाढ झोप मला किती वर्षांत लागली नव्हती. तिथे पुस्तक संपतं. बायका घरात मयत झाल्यासारख्या रडल्या. लाट्या उघड्या राहून पार वाळल्या, आणि त्या वर्षी आमच्या घरातले पापड सगळे कडेला फाटलेले होते. फुवा वर्षभर ते फाटके पापड खात राहिले आणि त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही.

त्या आठवड्यात गल्लीतली कुत्री माजली. लीलाकाकी सासूचा डोळा चुकवून भाकरी टाकायची, गंगूमाय तर दूध ठेवायच्या. त्यांनी तीन मुलं आणि नवरा स्मशानात पोचवला होता आणि त्या कधी कोणासमोर रडल्या नव्हत्या असं फुई सांगायची. त्या रोज मला विचारायच्या, "मरना का वं तो, का निस्ता झोपना?" मी म्हणायची, झोपला. मला स्वतःला ते नीट माहीत नव्हतं. आज माझ्या फ्लॅटमध्ये दुपारी शेजारच्यांचा लॅब्राडोर कण्हताना ऐकू येतो, घरातले सगळे ऑफिसला गेलेले असतात. मी दार उघडून त्याच्या दाराशी जरा वेळ उभी राहते आणि बोलते. त्याला काय सांगायचं ते मला अजूनही सुचत नाही, म्हणून येतील हं, एवढंच म्हणते.

त्या बायकांनी माझ्या नकळत आणखी एक गोष्ट केली. लीलाकाकीने नवऱ्याला सांगितलं आणि त्याने शिंदखेड्याला गाडी लागल्यावर दुकानात जाऊन नानांना निरोप दिला, पोर वाट बघतेय. सणाच्या आदल्या दिवशी येतो, असा परतीचा निरोप त्याने फुईला आणून दिला. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी नाना आले. फुई त्या दिवशी कधी नाही ती लवकर नाहून बसली होती, जांभळं जरीचं लुगडं नेसून. भाऊ येणार म्हणून असेल असं मी समजले. नाना खाटेवर टेकले, पाणी प्यायले, आणि त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी शिवलेला झगा काढला. पिवळा, लाल गोटाचा, बाहीला चुण्या. इतका सुंदर झगा त्यांनी मला पूर्वी शिवला नव्हता. आतल्या खोलीत जाऊन मी घातला तर तो छातीवर येईना. बटणं लागायला चार बोटं कमी. मी तसाच पाठीमागून धरून बाहेर आले. नानांनी पाहिलं आणि ते म्हणाले, "वाढनी तू." शिंप्याने पोरीचा झगा जुन्या मापाने शिवला होता. ते उठले नाहीत, त्यांनी खिशातली टेपही काढली नाही.

मग म्हणाले, "चाल बेबी, आखाजी करी ये. झोका शे, पुरनपोई शे. तुनी... ती बी वाट देखी राह्यनी." मी विचारलं, "आनि मंग?" नाना म्हणाले, "मंग दोन-तीन दिनमा सोडी जासू ना आठे." ते अगदी मायेने म्हणाले. त्यांना वाटलं पोरीला परत सोडणार म्हटलं की तिला बरं वाटेल, फुईची सवय झाली असेल. पण मी ते ऐकलं आणि मला सगळं समजलं. मुराळी दिलेल्या लेकींना येतो. चार दिवस लाड करायचे, नवं नेसवायचं आणि जिथली आहे तिथे पोचवायचं. मी सहा महिने त्यांची वाट पाहिली, ते आलेही, आणि मुराळी होऊन आले. मी म्हटलं, "माले नई येनं." फुईवरच्या प्रेमाने राहिले असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल. मी रागाने राहिले. आणि नाना दुसऱ्यांदा चल म्हणाले असते तर मी तशीच, बटणं न लावता, त्यांच्या मागे गेले असते. ते दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. चहा प्यायले, फुईला म्हणाले, "अक्का, निंघस मी, गाडी चुकी जाई," आणि गेले. मी दारापर्यंतही गेले नाही.

गल्लीत त्या दुपारी घरोघरी लेकी येऊन उतरत होत्या. गंगूमायच्या दोघी आल्या, लीलाकाकीला न्यायला तिचा भाऊ आला आणि ती सासूच्या डोळ्यांदेखत उड्या मारत गेली. सगळीकडे तळणाचा वास आणि बोलणं. आमच्या घरात नानांच्या चहानंतर चूलच पेटली नव्हती. फुई बराच वेळ दिसेना म्हणून मी आत गेले. ती धान्याच्या कोठीमागे खाली बसली होती आणि एका कापडी पिशवीतून लुगडी बाहेर काढत होती. दोन लुगडी, दोन चोळ्या, फणी, कुंकवाची डबी. नव्या भावजयीच्या हातावर ठेवायला म्हणून घेतलेला खणही होता. सगळं नीट घड्या घालून भरलेलं. मी दारात उभी राहिले आणि मला आधी कळलंच नाही की ही कुठे निघाली होती. मग तिच्या अंगावरचं जरीचं लुगडं दिसलं. तीसुद्धा त्याच घरची लेक होती. भाऊ न्यायला येतोय म्हटल्यावर तिने पिशवी भरून ठेवली होती, आणि तो तिच्या समोर बसून चहा पिऊन गेला.

मी तिच्याजवळ बसले आणि एका लुगड्याची घडी हातात घेतली. विचारलं, "फुई, तुले लेवाले नाना पयले ये का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये ना. दर आखाजीले ये." मग खण कोठीवर ठेवून म्हणाली, "तो कसाना ये? तुनी माय धाडे त्याले."

आई गेल्याला नऊ महिने झाले होते. तेव्हा मी पहिल्यांदा रडले, फुईच्या मांडीत तोंड खुपसून, आणि फुईने माझ्या पाठीवरचा तो उघडा झगा दोन्ही हातांनी धरून ठेवला.